आभाळाला ठिगळ

मोटारीच्या टपाला आतून जे कापड लावलेलं असतं त्याला जर्मन माणूस 'हिम्मेल' म्हणतो. हिम्मेल म्हणजे आभाळ. फ्रेंच माणूस त्याला 'सिएल द त्वा' म्हणतो, म्हणजे छपराचं आभाळ. इटालियन म्हणतो 'चेलो', तेही आभाळच. इंग्रज तेवढा 'हेडलायनिंग' म्हणतो, म्हणजे डोक्याचं अस्तर, टोपीला असतं तसं. इंग्रजाला आपल्या देशात आभाळ क्वचितच दिसत असल्यामुळे त्याला ती उपमा सुचली नसावी. आमच्या पुण्याच्या नाना पेठेत या वस्तूला 'रूफ लायनिंग' म्हणतात, आणि बहुतेक वेळा त्याच्यापुढे 'गेलंय, साहेब' हे दोन शब्द येतात.

आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे लावणार, असा एक निरुत्तर करणारा सवाल आपल्या पूर्वजांनी करून ठेवला आहे. पूर्वजांनी नाना पेठ पाहिलेली नव्हती. तिथल्या उस्तादांनी मला या सवालाचं उत्तर सुपारी कातरता कातरता दिलं. "ठिगळ लावायचंच नाही, साहेब. सगळं उतरवायचं, नवीन चढवायचं. मधून चालू करायचं, कडेला संपवायचं."

मोटार विकत घेणारा माणूस टायरला लाथ मारतो, बॉनेट उघडून आतलं सगळं कळत असल्यासारखा चेहरा करतो, हॉर्न वाजवतो, डिकीत डोकं घालतो, दार तीनदा उघडून तीनदा आपटतो. वर कोणी बघत नाही. जे डोक्यावर आहे ते तिथेच राहणार, अशी आपल्या मध्यमवर्गाची एक श्रद्धा असते. ती तुटते तेव्हा कापडासकट खाली येते आणि टकलाला लागते.

खरं म्हणजे ही कल्पना आपल्याला नवीन नाही. साहेबाच्या जुन्या बंगल्यांतून छपराखाली पांढरं कापड ताणून बांधलेलं असे. कौलांतून पडणारी धूळ, पाली, विंचू आणि तत्सम मंडळी परस्पर वरच्या वर थांबावीत हा उद्देश. देवळातला चांदवा त्यातलाच. वर काय आहे ते दिसू नये आणि वरचं खाली येऊ नये, एवढी दोनच कामं या कापडाला होती. मोटारीत गेल्यावर त्याच्या अंगावर तिसरं काम पडलं, ते म्हणजे आवाज गिळण्याचं. ते कसं पडलं याची हकिकत मोठी गमतीची आहे, आणि माझ्या मते मोटारीचा इतिहास लिहिणारे लोक इंजिनाच्या मागे इतके धावले की त्यांचंही वर बघायचं राहून गेलं.

अगदी सुरुवातीच्या मोटारींना टपच नव्हता, तेव्हा अस्तराचा प्रश्नच नव्हता. फार तर टांग्याला असतो तसा घडीचा हूड. माणसं चष्मे लावून, डोक्याला फडकी बांधून, तोंड मिटून प्रवास करीत. अमेरिकेत १९१९ साली विकल्या गेलेल्या मोटारींपैकी जेमतेम १० टक्के बंदिस्त होत्या. १९२७ साली हेच प्रमाण ८५ टक्क्यांवर गेलं. आठ वर्षांत एक अख्खा देश उघड्यावरून घरात आला. आता ही चाकावरची घरं बांधणारे कारागीर कोण, तर घोडागाड्यांच्या घराण्यातले सुतार. त्यांनी लाकडाचा सांगाडा केला, बाजूंना पत्रा ठोकला, पण टप मात्र मऊच ठेवला. मधोमध लाकडी पट्ट्या, त्यावर कापसाचा थर, त्यावर पाणी न झिरपणारं लेपाचं कापड. आतून पट्ट्या दिसू नयेत म्हणून लोकरीचं अस्तर.

टपाला पत्रा का नाही? कारण इतका रुंद पत्राच मिळत नसे. पोळपाटापेक्षा मोठी पोळी लाटता येत नाही, तसं त्या काळच्या पोलादाच्या गिरण्यांचं होतं. त्यामुळे लाखो गाड्या पाच बाजूंनी लोखंडी आणि सहाव्या बाजूने तंबू अशा धावत होत्या. ते लेपाचं कापड उन्हाने तडकायचं आणि पावसात गळायचं. पण त्या टपात एक गुण होता, तो म्हणजे तो मुका होता. लाकूड, कापूस आणि कापड यांना वाजता येत नाही.

हा गुण ओळखणारा एक माणूस होऊन गेला. चार्ल्स वेमन त्याचं नाव. जन्म १८८९चा, हैती देशातल्या पोर्तोप्रिन्स शहरातला. धंदा विमानं उडवण्याचा. १९११ साली त्याने विमानशर्यतीतला गॉर्डन बेनेट चषक अमेरिकेसाठी जिंकला. त्या काळची विमानं म्हणजे लाकडाच्या कामट्या आणि वर ताणलेलं कापड. वेमनने विसाच्या दशकात मोटारीचं अंगही तसंच बांधून दाखवलं. लाकडाचे सांधे एकमेकांना टेकूच द्यायचे नाहीत, मध्ये पोलादी पट्ट्या घालायच्या, वरून पत्र्याऐवजी लेपाचं कापड. लाकडाला लाकूड घासलं नाही की करकर नाही, आणि पत्राच नाही म्हटल्यावर खडखड नाही. युरोपातल्या मोठमोठ्या गाडीवाल्यांनी त्याचे परवाने घेतले. काही वर्षं शांत गाडी म्हणजे वेमनची गाडी असं समीकरण होतं. पुढे लोकांना चकचकीत पत्रा आवडू लागला आणि कापडाची गाडी मागे पडली. चकाकी आणि शांतता यांत निवड करायची वेळ आली की माणूस काय निवडतो हे लग्नाच्या मांडवातही दिसतंच.

या कापडांचा विषय निघालाच आहे तर आपल्या लाडक्या रेक्झीनबद्दल दोन शब्द सांगून टाकतो. रेक्झीन हा मराठी शब्द आहे अशी माझी लहानपणी पक्की समजूत होती, कारण आमच्या घरातल्या प्रत्येक खुर्चीला ते होतं. प्रत्यक्षात ते इंग्लंडात मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या एका कंपनीचं नाव. कापडावर लेप द्यायचा आणि त्यावर चामड्यासारखे सुरकुत्यांचे ठसे उठवायचे. आणि तो लेप कशाचा, तर सेल्युलोज नायट्रेटचा, म्हणजे ज्यापासून बंदुकीची दारू होते त्याचा. तेव्हा तुमच्याआमच्या आजोबांच्या पिढीत ज्या कोणाला अस्सल रेक्झीनची खुर्ची लाभली, ते मोठ्या बेफिकिरीने दारूगोळ्यावर बसून चिरूट ओढत होते. पुढे त्याची जागा प्लास्टिकच्या लेपाने घेतली. नाव मात्र राहिलं.

तर मूळ मुद्दा टपाचा. तिशीच्या दशकात रुंद पत्रा लाटता येऊ लागला आणि जनरल मोटर्सने आपल्या १९३५च्या गाड्यांना एकाच पत्र्यातून दाबून काढलेला अखंड पोलादी टप बसवला. त्याचं नाव 'टरेट टॉप', म्हणजे तोफेच्या बुरुजासारखा माथा. जाहिराती धडाक्यात झाल्या. गळती थांबली, गाडी उलटली तर डोकं वाचण्याची शक्यता वाढली, आणि गाडीचा ढोल झाला.

हे होणारच होतं. पातळ पत्रा चारी कडांना घट्ट पकडला की त्याच्यात आणि ढोलकीत फरक तो काय? खालून इंजिन थाप मारतंय, चाकं थाप मारताहेत, बाहेरून वारा थाप मारतोय. जी गाडी कालपर्यंत गळत होती ती आता घुमू लागली. मग त्या घुमण्यावर इलाज सुरू झाले. पत्र्याला आतून आडव्या पट्ट्या द्या, पट्टी आणि पत्रा यांच्यात नमदा भरा, डांबरात भिजवलेला जाड कागद चिकटवा, ताग कोंबा. आणि हा सगळा उकिरडा दिसू नये म्हणून त्याखाली तेच जुनं आभाळ ताणा. कालपर्यंत लाकडी पट्ट्या झाकणारं कापड आता डांबर झाकू लागलं.

डांबर लावल्याने आवाज का थांबतो हे डांबर लावणाऱ्यांना ठाऊक होतंच असं नाही. आपल्याकडे घशाला हळद लागू पडते तसं ते लागू पडत होतं. त्याचं नीट गणित १९५२ साली हेर्मान ओबेर्स्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने मांडलं. पत्रा वाकतो तेव्हा त्याला चिकटलेला चिवट थरही ताणला जातो; चिवट वस्तू ताणली की तिच्यात थोडी ऊर्जा मुरते आणि तिची ऊब होते. म्हणजे पत्र्याचा थरथराट चिवटपणात मुरून नाहीसा होतो. चिकटवलेल्या पट्टीवरची ही परीक्षा आजही ओबेर्स्टच्याच नावाने ओळखली जाते. पुढे १९५९ साली अमेरिकेत कर्विन याने दाखवलं की चिवट थराच्या वर आणखी एक कडक पातळ पापुद्रा असला तर काम कितीतरी चांगलं होतं, कारण मधला थर दोघांच्या कात्रीत सापडतो. आज बाजारात जी काळी, पाठीला चांदी लावलेली शीट मिळते ती म्हणजे हाच कर्विनचा सिद्धांत, चौरस फुटावर विकलेला.

शांततेची प्रतिष्ठा त्या सुमारास किती वाढली होती याचा पुरावा जाहिरातींत सापडतो. १९५८ साली डेव्हिड ओगिल्वीने रोल्स रॉइसची ती सुप्रसिद्ध जाहिरात केली: ताशी साठ मैलांच्या वेगाला या गाडीत सर्वांत मोठा आवाज येतो तो विजेवरच्या घड्याळाचा. जगभरच्या जाहिरातवाल्यांना ती पाठ असते. पण १९३३ सालीच पियर्स-ॲरो या अमेरिकन गाडीच्या जाहिरातीत अशाच एका घड्याळाची टिकटिक होऊन गेली होती, हे कमी जणांना ठाऊक असतं. घड्याळ जुनंच, शांत गाडी तेवढी नवी.

आता आपण रोल्स रॉइसमधून खाली उतरून कुर्ल्याला येऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. तिकडे इटलीत फियाटने १९५३ साली आपली नवी '११००' बाजारात आणली. १०८९ सीसीचं इंजिन, आणि विशेष म्हणजे वेगळा सांगाडा नाही. अंग हाच सांगाडा. जुन्या गाडीत खाली लोखंडी चौकट आणि वर रबरावर बसवलेलं अंग असे. धक्का खालच्या मजल्यावर बसायचा, वरच्या बिऱ्हाडाला त्याचा निरोप तेवढा पोचायचा. या नव्या पद्धतीत हाडं आणि कातडी एकच. गाडी हलकी झाली, मजबूत झाली आणि सगळ्या अंगाने बोलकी झाली. कुर्ल्याला तीच गाडी तयार होऊ लागली, १९६४ साली ती 'डिलाइट' झाली, १९७४ साली तिचं 'पद्मिनी' असं बारसं झालं, आणि २००१पर्यंत ती निघत राहिली. चितोडच्या राणीचं नाव लावून माहेरच्या इटालियन नाकीडोळी इतकी वर्षं नांदलेली दुसरी सून मला ठाऊक नाही.

आमच्याकडची पद्मिनी १९८३ची. वडिलांनी घेतलेली. चाळीस वर्षांत तिचं आभाळ, म्हणजे फिक्या रंगाचं बारीक भोकाभोकांचं रेक्झीन, शिवणीत विरलं आणि मागच्या सीटवर असं लोंबू लागलं की मागे बसणाऱ्याला आपण मच्छरदाणीत आहोत असं वाटावं. यात दोष कोणाचा नाही. चाळीस वर्षांनी कोणाचंही कापड लोंबतं.

पण नुसत्या लोंबण्यावर मी नाना पेठ गाठली नसती. कारण आईचं होतं.

आई चौऱ्याऐंशीची आहे. दोन्ही कानांना यंत्रं आहेत. घरात तिला सगळं ऐकू येतं, विशेषतः जे ऐकू जाऊ नये ते. पण गाडीत बसली की ती बहिरी होत असे. आमच्या घरात दुसरी, नव्या जमान्याची गाडीही आहे; पण तिची सीट इतकी खाली की आईचे गुडघे तिथे जायला तयार नसतात आणि गेलेच तर परत यायला तयार नसतात. पद्मिनीची सीट खुर्चीसारखी. तेव्हा आई जाणार ती पद्मिनीतूनच, मागे डावीकडे, खिडकीशी.

कानांच्या डॉक्टरांनी मला यातलं शास्त्र समजावून सांगितलं. वयाबरोबर आधी जातात ते बारीक, चढे आवाज. स, श, फ, त ही व्यंजनं त्या चढ्या पट्टीतली आणि मुळात नाजूक. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि दणकट. त्यात भर अशी की खालच्या पट्टीतला घुमारा वरच्या पट्टीतल्या आवाजांना गिळतो. कानातलं यंत्र बिचारं प्रामाणिक; ते बोलणंही मोठं करतं आणि टपाचं घुमणंही. म्हणजे पोरगं ओरडतंय म्हणून रेडिओ मोठा केला, आणि रेडिओवरही पोरगंच ओरडतंय, अशातला प्रकार.

याचा प्रत्यक्ष परिणाम असा. दिवे घाट चढताना मी विचारलं, "आई, सासवडला थांबायचं का?"

मागून उत्तर आलं, "कशाची आवड?"

दोन्ही 'स' गेले होते. राहिलं तेवढंच तिने ऐकलं. आम्ही हसलो, तीही हसली. पण असं चारदा झालं, दहादा झालं, आणि एका रविवारी आई म्हणाली, "तुम्ही जाऊन या रे. मी नाही येत. मला त्या गाडीत सगळ्यांचे ओठ हलताना दिसतात नुसते. मूकपट किती वेळ बघायचा?"

हे तिने अगदी सहज, भाजी निवडता निवडता सांगितलं. त्यामुळेच ते मला लागलं. ज्या माणसाने आयुष्यभर मागच्या सीटवरून गाडी चालवली, "ब्रेक लाव", "हळू", "त्या म्हशीला जाऊ दे" अशा सूचना दिल्या, त्या माणसाने गप्प बसण्यापेक्षा घरी बसणं पत्करलं होतं.

माझा एक मित्र जुन्या गाड्यांच्या बाबतीत सोवळ्यातला आहे. त्याला बेत सांगितला तेव्हा तो कळवळला. "अरे, ती गाडी कुर्ल्याहून निघाली तेव्हा तिच्यात ही चांदीची शीट होती का? तू तिचा इतिहास पुसतो आहेस!" हा मनुष्य आपल्या गाडीतला मूळचा खडखडाट जतन करण्यासाठी मूळचेच ढिले स्क्रू शोधत फिरतो. मी त्याला म्हटलं, इतिहासच बघायचा तर १९३५ सालापासून ज्याने त्याने आपल्या टपाला जे मिळेल ते चिकटवलेलं आहे. मी त्याच परंपरेचा पाईक. कापड जसं होतं तसंच बसेल. वर काय आहे ते पालीला आणि मला माहीत. माझं आजही मत असंच आहे की डोळ्यांना दिसतं ते जुनं राखावं, आणि कानांना छळतं त्याच्याशी इमान राखण्याचं कारण नाही. मित्र अजून मला भेटतो, पण माझ्या गाडीत बसत नाही.

उस्तादांचं काम मात्र बघण्यासारखं होतं. त्यांनी आधी पुढची-मागची काच उतरवली, कारण कापडाच्या कडा काचेच्या रबराखाली दडपलेल्या असतात. मग कडेचं बीडिंग सोडवलं. आणि मग कापड खाली आलं ते कमानींसकट. हे अस्तर नुसतं चिकटवलेलं नसतं. त्याला पाठीमागून आडव्या नळकांड्या शिवलेल्या असतात, पायजम्याच्या नेफ्यासारख्या; त्या प्रत्येकीतून पोलादी सळईची एक कमान ओवलेली असते, आणि कमानीची दोन टोकं टपाच्या बाजूंच्या भोकांत अडकवलेली असतात. प्रत्येक कमानीचा बाक वेगळा, लांबी वेगळी. उस्तादांनी एकेक कमान काढून तिला चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर एक, दोन, तीन असे आकडे घातले. "एक कमान इकडची तिकडे झाली की सगळं आभाळ वाकडं," ते म्हणाले. त्यांनी आभाळच म्हटलं. त्यांना जर्मन येत नाही.

वर काय होतं? चाळीस वर्षांची धूळ. दिव्याच्या भोकातून शिरून कुंभारमाशीने बांधलेलं एक मातीचं घर, मालकीण केव्हाच गेलेली. आणि टपाच्या मधोमध एक डांबरी चौकोन, दुष्काळातल्या शेतासारखा भेगाळलेला. उस्तादांनी बोटाच्या पेराने पत्र्यावर टिचकी मारली. 'टण्ण' असा आवाज झाला आणि बराच वेळ रेंगाळला. मग त्यांनी डांबर खरवडलं, गंज घासला, प्रायमर मारला, आणि शीट आणली.

मी संपूर्ण टप मढवण्याच्या उत्साहात होतो. उस्तादांनी अडवलं. "कशाला? तबल्याला शाई कडेला लावतात का?"

माझ्या अंगावर काटा आला. तबल्याची शाई! सर सी. व्ही. रामन यांनी १९२० साली हेच तर लिहिलं होतं, की आपल्या तबल्या-मृदंगाच्या कातड्यावर मधोमध बसवलेला तो काळा भार त्या कातड्याचे बेशिस्त सूर ओळीत आणतो. पखवाजाच्या डाव्या अंगाला मैफलीपूर्वी कणीक लावतात तीही मधल्या भागावरच. फरक एवढाच की तिथे सूर जुळवायचा असतो आणि इथे बसवायचा. पत्रा सर्वांत जास्त हलतो तो मध्यावर. कडा तर मुळातच बांधलेल्या. तेव्हा प्रत्येक मोकळ्या तुकड्याचा मधला पाव हिस्सा झाकला तरी बहुतेक काम होतं. वर दोन मिलिमीटर जाडीची ती शीट चौरस मीटरला तीन किलोच्या आसपास भरते. सगळी गाडी मढवली तर एक जादा पाहुणा कायमचा टपावर बसवल्यासारखं होतं.

दुसरी गोष्ट उस्तादांनी निक्षून सांगितली ती डांबराची. गच्चीच्या गळतीसाठी मिळणारी डांबरी शीट स्वस्त पडते म्हणून लोक तीच टपाला लावतात. मे महिन्यात टप तापतो, डांबर पाघळतं, गाडीत नव्या रस्त्याचा वास भरतो, आणि एखाद्या दुपारी आभाळ कापडासकट मांडीवर येतं. टपाला ब्युटिल रबराचीच शीट हवी. ती त्यांनी छोट्या लोखंडी रोलरने अशी दाबली की तिच्यावरची नक्षी सपाट झाली. खाली हवा राहिली तर शीट नुसती पाहुणी. दाबून बसली तरच घरातली. त्यावर बंद छिद्रांचा पातळ फोम, उन्हासाठी. जमिनीवरचा तागाचा नमदा काढून टाकला. पावसाळ्यात तो पाणी पिऊन बसतो आणि खालचा पत्रा आतून खातो. इंजिनाच्या मागची भिंत, चाकांच्या कमानी आणि पायाखालचा पत्रा हे तर टपापेक्षा मोठे गुन्हेगार. त्यांचाही बंदोबस्त केला. टिचकी मारली. 'टुक्'. एवढंच.

नवं अस्तर चढवण्याचा सोहळा दोन दिवस चालला. आधी कापड उन्हात पसरून नरम केलं. मग मधल्या कमानीपासून सुरुवात, एक पुढे, एक मागे. कडांना सोल्यूशन, चिमटे, पुन्हा सोडायचं, पुन्हा ताणायचं. जास्त ताणलं तर शिवण उसवते, कमी ताणलं तर झोळ पडतो. साडीच्या निऱ्या काढणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर असते ती एकाग्रता उस्तादांच्या चेहऱ्यावर होती. राहिलेल्या सुरकुत्यांवर त्यांनी वाफ सोडली आणि त्या हळूहळू विरल्या. सौभाग्यवतींनी ते यंत्र कुठे मिळतं याची चौकशी केली.

सत्तरच्या दशकानंतर बाहेर देशी या कमानी हळूहळू गेल्या. एका कडक पुठ्ठ्यावर फोम, फोमवर कापड, असं तयार आभाळ कारखान्यातून येऊ लागलं. बसवायला मिनिटं लागतात. पण तो फोम उष्णतेने आणि दमटपणाने पिठासारखा भुगा होतो, आणि कापड निराधार होऊन खाली येतं; मग लोक टाचण्या टोचून चांदणं तयार करतात. कमानीचं आभाळ शिवणीत फाटतं, पण भुगा होत नाही. आपल्या पद्मिनीला हे जुनं आभाळ लाभलं ते बरंच झालं.

आणि पद्मिनीच्या आभाळाची खरी श्रीमंती पाहिली ती मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी. काळ्या-पिवळ्या टॅक्सीत बसून वर पाहिलं की गुलाब, द्राक्षांचे वेल, मखमल, चंदेरी नक्षी! भाड्याच्या खोलीत माणसाला घराला रंग देता येत नाही, पण टॅक्सीच्या छतावर त्याची हौस भागत असे. २०१५ साली तर 'टॅक्सी फॅब्रिक' नावाच्या उपक्रमात तरुण चित्रकारांनी या छतांसाठी आणि सीटांसाठी खास कापडं काढून दिली. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरली आणि २०२३च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. तिच्याबरोबर किती गुलाब गेले कोण जाणे.

आमच्या कामाचा निकाल काय? फोनवरच्या आवाजमापकात जेमतेम तीन-चार डेसिबलचा फरक दिसला. सोवळ्या मित्राला कळलं तेव्हा तो आनंदला. पण त्या आकड्यात एक गोष्ट येत नाही. इंजिन वाजतं, गिअर बदलताना पद्मिनीचा तो खास सुस्कारा येतो. गेला आहे तो फक्त घुमारा, डोक्यावर कोणीतरी सतत 'ऊं' करत बसलेलं असे तो.

आईला "फक्त हडपसरपर्यंत" असं सांगून नेलं. ती नेहमीच्या जागी बसली, वर पाहिलं, नव्या रेक्झीनवरून बोट फिरवलं आणि "तुझ्या बाबांनी असंच घेतलं असतं" म्हणाली. हडपसर गेलं. दिवे घाट चढून वर आलो. पुढच्या सीटवर सौ. मला अगदी हळू आवाजात म्हणाली, "आता सासवडहून परतू या का? दमल्या असतील त्या."

"दमले नाही मी," मागून आवाज आला. "आणि सासवडला थांब. अंजीर घ्यायचेत. बघून घे, मागच्या वेळी तू दडस आणले होतेस. आणि हे बघ, या दाराचं काहीतरी खुळखुळतंय केव्हाचं. परत जाशील तेव्हा उस्तादांना दाखव."